चोचीवरचा पिवळा डाग

११ डिसेंबर

आज झिलिकोलवर लाल छातीचा कलहंस दिसला. एकटाच होता, पलीकडच्या लव्हाळ्यापाशी. विश्वास बसेना म्हणून आधी चष्मा पुसला, मग दुर्बीण पुसली, थंडीनं गळणारं नाकही पुसलं, तरी तो तिथंच. हा पक्षी आमच्या किनाऱ्यावर मी आयुष्यात एकदाच पाहिलाय, तोही मेलेला, एका शिकाऱ्याच्या पिशवीत.

वीजकेंद्राचं कोमट पाणी या तळ्यात सुटतं म्हणून ते गोठत नाही आणि हिवाळ्यात हंस उतरतात, हे दरवर्षीचंच. पण यंदा नुसती जत्रा भरलीय. त्याच केंद्राच्या पंपघरात मी उभा जन्म काढला, या पाण्यात बोट बुडवून तापमान सांगू शकतो. निवृत्त झाल्यावर आमच्या वस्तीतले बाकीचे म्हातारे भिंतीला टेकून गुडघ्यांचं रडगाणं गात बसतात. मी पक्षी बघतो.

फोटो काढून फोनवरच्या ‘दुर्मीळ पक्षी’ गटात टाकला. हा गट अल्माटीची आयझादा नावाची पोरगी चालवते, विद्यापीठात शिकलेली आहे. तिनं मान्य म्हटलं तर नोंद पक्की, नाहीतर आपण पाहिलेलं आपल्यापाशी. तासाभरात उत्तर आलं, “तिलेगेन आगा, नोंद मान्य. अभिनंदन.” मी ते तीनदा वाचलं.

उल्मेकेनला फोटो दाखवला तर म्हणते, “मला तर पाण्यात करपलेला पाव तरंगताना दिसतोय.” मग कणीक मळता मळता तिची गाडी सुरू झाली. “नवी सून बघायची तर कोरिमदिक द्यावं लागतं, बाळ बघायचं तर द्यावं लागतं, उंटिणीचं पिल्लू बघायला गेलं तरी खिशात हात घालावा लागतो. पहिल्यांदा बघणं फुकट नसतं आपल्यात. तुम्ही मात्र रोज नवे नवे पक्षी फुकटात बघून येता.”

मी म्हणालो, “तुझं तोंड पहिल्यांदा बघायला माझ्या आईनं अख्खी मेंढी दिली होती. ती अजून वसूल व्हायचीय.”

“म्हणजे तुम्ही मला अजून नीट बघितलेलंच नाही,” ती म्हणाली आणि परातीकडे वळली.

२० डिसेंबर

टुंड्रा हंस! शंभर टक्के.

आमच्याकडे दोन हंस नेहमीचे. एक मुका, नारिंगी चोचीचा. दुसरा हाकाऱ्या, त्याच्या चोचीवरचा पिवळा रंग टोकदार होऊन नाकपुडीच्या पुढे जातो. टुंड्रा हंस त्याहून लहान, मान आखूड, आणि पिवळा डाग गोल, नाकपुडीच्या अलीकडेच संपतो. आज पाहिला त्याचा डाग गोल होता. या तळ्यावरची ही पहिलीच नोंद असेल.

फोटो धूसर आला. वाफ होती पाण्यावर.

आयझादाचं उत्तर, “आगा, फोटोवरून सांगता येत नाही. हाकाऱ्या हंसाचं पिल्लू असू शकेल. चोचीचा जवळून फोटो मिळाला तर बघू.”

मी हाकाऱ्या ओळखत नाही म्हणे. तिचा बाप शाळेत होता तेव्हापासून मी हाकारे ऐकतोय.

संध्याकाळी झानिलचा फोन आला. आठ वर्षं वाट पाहिल्यावर आमच्या लेकीला दिवस गेलेत, फेब्रुवारीअखेर सुटका होईल. उल्मेकेन या विषयावर घरातसुद्धा मोठ्यानं बोलत नाही, नजर लागेल म्हणून. पाळण्याची दुलई मात्र शिवून तयार आहे. तिच्या सगळ्या जन्माचा जीव आता त्या एका बाळंतपणात अडकलाय. झानिल म्हणाली, जानेवारीत चार दिवस माहेरी येऊन जाईन, नंतर प्रवास जमायचा नाही. तेव्हापासून उल्मेकेन स्वयंपाकघरात गुणगुणते आहे.

२ जानेवारी

गरुड आलेत. पांढऱ्या शेपटीचे, दाराएवढ्या पंखांचे. इतकी वर्षं कधीतरी एखादा आभाळातून जाताना दिसायचा, आज बर्फाच्या कडेला ओळीनं बसले होते. असा हिवाळा पुन्हा दिसायचा नाही. मला वाटतं, तळ्याची कीर्ती पसरलीय.

हंससुद्धा यंदा माणसाळलेत. पूर्वी पावलाची चाहूल लागली की उडायचे, आता मी अगदी काठाशी गेलो तरी बसून राहतात. काही तर बर्फावर मान लांब पसरून झोपलेले असतात, उठायचा कंटाळा. शेजारच्या मिंगबायला सांगितलं तर म्हणाला, “तिलेके, तुझं थोबाड रोज बघून त्यांची भीती मेली असेल.” थट्टा सोडली तर त्याचं म्हणणं खरं आहे. जनावराला माणूस कळतो. रोज त्याच वेळी, तीच टोपी घालून, हळू जाणारा माणूस कळतो.

६ जानेवारी

आज टुंड्रा हंसाचे आणखी फोटो पाठवले. पुन्हा “पुरेसे स्पष्ट नाहीत.” वर कझानचा कुणी गटात लिहितो की उत्साहाच्या भरात नवख्यांची अशी गल्लत होते. नवख्यांची! आयझादानं त्याला गप्प करायला हवं होतं, तिनं हसरा चेहरा टाकला.

उल्मेकेन म्हणाली, “हंस टुंड्राचा असला काय नि आपल्या गल्लीतला असला काय, अल्लाचाच ना? कशाला तोंड पाडून बसता?” तिला काय सांगायचं. आयुष्यभर मी पंप चालू ठेवले, वस्तीत पाणी तापत राहिलं, आणि कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही. एक गोष्ट तरी माझ्या नावावर लागावी.

९ जानेवारी

काय सांगू! आज त्याला हात लावला.

काठाजवळच्या उथळ पाण्यात तोच, गोल डागाचा, एकटा गिरक्या घेत होता. मान एका बाजूला कलती करून हळूहळू गोल, पुन्हा गोल. कुणाला दाखवण्यासाठी नाच करावा तसा. मी गुडघाभर पाण्यात शिरलो. तो उडाला नाही. पाठीवर हात ठेवला, तरी नाही. उलट मान माझ्या बाहीवर टाकली. खोटं कशाला लिहू, माझे डोळे भरून आले. इतकी वर्षं काठावर उभा राहिलो त्याचं हे फळ.

कोटात गुंडाळून गाडीत घातला. दोन-चार दिवस घरी राहील, मनासारखे फोटो होतील, मग सोडून देऊ, असं ठरवलं.

आता अडचण उल्मेकेनची. हंस पकडणं म्हणजे तिच्या लेखी सात पिढ्यांना शाप. तिच्या आजोळी कुणी हंसावर गोळी झाडली तर घरात मूल जगलं नाही, ही गोष्ट मी लग्नापासून ऐकतोय. पण आपणहून दारी आलेला हंस म्हणजे साक्षात बरकत, त्याला माघारी लावता येत नाही. म्हणून मी काय केलं, गाडी कोपऱ्यावर उभी केली, हंसाला आमच्या फाटकाबाहेर बर्फावर ठेवला आणि आत जाऊन ओरडलो, “उल्मेकेन, बाहेर ये, बघ कोण आलंय.”

ती हात न पुसताच धावत आली. त्याला बघून मटकन खाली बसली. “आपणहून आला?” मी म्हणालो, “आपणहून.” तिनं वाटीभर दूध आणून त्याच्या पाठीवर शिंपडलं, डोक्यावरचा पांढरा रुमाल सोडून त्याच्या गळ्यात बांधला. हेच त्याचं कोरिमदिक. मग म्हणाली, “हा माझ्या झानिलसाठी आलाय.” तिचा चेहरा असा उजळलेला मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. हसू येत होतं, पण दाबलं. थापेनं कुणाचं भलं होत असेल तर बिघडलं कुठं?

१० जानेवारी

मागच्या खोलीत, चुलीशेजारी त्याचा मुक्काम. कोंबड्यांचं खुराडंही थंडीमुळे तिथंच हलवलेलं, त्यामुळे सगळे शेजारी शेजारी. खात नाही. उल्मेकेन पाव दुधात भिजवून बोटांनी चोचीत घालते, त्याच्या नाकातून पाणी येतं ते बाहीनं पुसते. डोळ्यांवर निळसर साय आलीय. ती म्हणते वयस्क आहे, खूप जग पाहिलंय.

आज फोटोंचा दिवस. मी धरला तर तो मान टाकतो, तिच्याजवळ शांत राहतो. म्हणून तिलाच मांडीवर घेऊन बसायला सांगितलं. एरवी फोटो म्हटलं की ही तोंडावर हात धरते. आज उठून चांगला रुमाल बांधून आली, खिडकीपाशी बसली, हंसाच्या मानेला गाल लावला आणि म्हणाली, “काढा. बाळाला दाखवीन, तू यायच्या आधी कोण आलं होतं ते.”

फोटो झकास आला. गोल डाग, नाकपुडी, सगळं स्वच्छ. आजूबाजूचं कापून चोच मोठी करून घेतली. फोनमध्ये जागा नव्हती म्हणून मूळ फोटो पुसून टाकला आणि कापलेला तेवढा ठेवला, गटात पाठवला. आता बोला म्हणावं.

१२ जानेवारी

आयझादाची तऱ्हा बघा. अभिनंदन राहिलं बाजूला, लिहिते काय, “आगा, पक्षी कुठे आहे? त्याच्यावर हात कुणाचा आहे? हातमोजे नाहीत? मला ताबडतोब फोन करा.” लगेच दुसरा, लगेच तिसरा. मला कळतं यातलं सगळं. पुरावा मिळाला, नाकारता येत नाही, मग आता नियम काढायचे. सामान्य माणसानं त्यांच्या पक्ष्याला हात लावला हे सहन होत नाही. मी गटाचा आवाज बंद करून टाकला. तिचा नंबरही.

दोन कोंबड्या मेल्या. जुन्याच होत्या.

१४ जानेवारी

पहाटे हंस गेला. उल्मेकेन घरातलं माणूस गेल्यासारखी रडली. त्याला मांडीवरून खाली ठेवेना. मी म्हणालो, म्हातारा होता, तूच म्हणत होतीस. ती म्हणाली, “आपल्या दारी येऊन गेला, म्हणजे काहीतरी आपल्यावरचं घेऊन गेला.” पांढऱ्या कापडात गुंडाळून परसात पुरला. जमीन गोठलेली, कुदळ उसळत होती.

मला मात्र मनातून रुखरुख वाटतेय. तळ्यावर ठेवला असता तर जगला असता का?

१६ जानेवारी

खुराड्यात आता एकच कोंबडी आहे. मांजर काल दिवसभर भिंतीला डोकं लावून चालत होतं, आज चुलीमागे ताठ झालेलं सापडलं. कुणीतरी उंदरांचं औषध टाकलं असणार. मिंगबायला विचारलं तर तो भडकला. “मी तुझ्या मांजराला विष घालू? माझ्या म्हातारीला घालायची हिंमत नाही झाली अजून.”

उल्मेकेनचे डोळे लाल झालेत. रडून रडून झाले म्हणते. सर्दीही आहे. झानिल शनिवारी पोचते, म्हणून आडवी पडायला तयार नाही, पाहुण्यांसाठी बाऊरसाक, म्हणजे पिठाचे गोळे, तळायची तयारी चाललीय.

तळ्यावर गेलो होतो. एक गरुड बर्फावर बसलेला. अगदी जवळ गेलो. तो उडाला नाही. माझ्याकडे बघत नुसता बसून राहिला, पंख सैल सोडून.

मला ते आवडलं नाही. का ते सांगता येत नाही. घरी आलो.

१८ जानेवारी

रात्रीपासून तिला ताप. खोकला असा, की तो संपेपर्यंत आपलाच श्वास अडतो. चहात लोणी घालून दिला, मेंढीची चरबी छातीला चोळली. दोन घोट घेतले.

दुपारी मिंगबाय फाटकावरून बोलला. “तिलेके, तळ्यावर बघितलंस का? पांढरे पोशाख घातलेली माणसं आलीत. तोंडं झाकलेली. मेलेले हंस पोत्यांत भरतायत, तुझे गरुडसुद्धा. तळ्यावर जायला बंदी. पक्ष्यांची साथ आहे म्हणे, माणसालाही होते.” मग माझ्या तोंडाकडे बघून तो दोन पावलं मागं सरला. हा माणूस माझ्या फाटकातून आजवर कधी चहा घेतल्याशिवाय गेला नाही.

आत येऊन फोन काढला. आयझादाचे संदेश उघडले. एकाखाली एक, एकाखाली एक. “आगा, गिरक्या घेणारा, मान कलती झालेला, माणसाला न घाबरणारा पक्षी आजारी असतो. त्याला घरात ठेवू नका.” “आगा, मी तुमच्यावर रागावलेली नाही, फक्त फोन उचला.” “घरात कुणी गरोदर आहे का? लहान मूल?” “आगा, कृपा करून.”

शेवटचा आज सकाळचा होता.

म्हणजे गरुड तळ्याची कीर्ती ऐकून आले नव्हते. मेलेलं खायला आले होते. आणि मी त्यांची गणती करत होतो.

फोन केला. ती ओरडली नाही. ओरडायला हवी होती. एवढंच म्हणाली, “तुम्ही दोघंही घरातून बाहेर पडू नका, गाडी पाठवायला सांगते. आणि कुणालाही आत घेऊ नका. कुणालाही, आगा.”

रस्ते बर्फानं बंद. गाडी उद्या येईल. झानिलला फोन लावतोय. ती आगगाडीत आहे, वाळवंटात फोन लागत नाही.

१९ जानेवारी

लिहायला हात वळत नाही, पण लिहिल्याशिवाय बसवत नाही.

सकाळी झानिल आली. जावई सामान घेऊन मागे. पोट सांभाळत बर्फातून चालत होती आणि लांबूनच हसत होती. मी फाटकाला आतून साखळी घातली होती.

“आके, हे काय? उघडा ना.”

“मागं फिर. आईला बरं नाही. संसर्ग आहे. आल्या पावली स्टेशनवर जा.”

“मग तर मला आत यायलाच हवं. मला काही होत नाही. लांबून बघते.” तिनं फाटकाच्या फटीतून हात आत घातला, साखळी काढायला.

लहानपणापासून ती अशीच आहे. समजावून सांगितलं असतं तर ती आली असती, आईच्या गळ्यात पडली असती. मी फावडं उचललं आणि फाटकावर हाणलं. तिचा हात थोडक्यात वाचला. मी काय काय बोललो ते इथं लिहीत नाही. या घरात तुला जागा नाही, इथपर्यंत बोललो. आमच्यात वैरी जरी दारात आला तरी आधी त्याच्यापुढं पाव ठेवतात. जावई माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसा बघत होता. गल्लीतली माणसं खिडक्यांतून बघत होती. झानिल रडली नाही. तिचा चेहरा एकदम थिजला. जावयानं तिला दंडाला धरून नेलं.

आत आलो. उल्मेकेन उशीवर कोपरं टेकून उठायचा प्रयत्न करत होती.

“झानिलचा आवाज आला.”

“नाही. मिंगबायची सून होती.”

“मला माझ्या पोरीचा आवाज कळत नाही?” मग खोकला. तो थांबल्यावर, “हंसाला आत घेतलंत आणि लेकीला बाहेर ठेवलंत?”

तेव्हा सांगायला हवं होतं की हंस आला नव्हता, मी आणला होता. तोंड उघडलं होतं मी. तेवढ्यात ती म्हणाली, “तो आला म्हणजे बाळाला काही होणार नाही. तेवढं खरं.” आणि डोळे मिटले.

मी सांगितलं नाही.

दुपारी गाडी आली. पांढऱ्या पोशाखातल्या दोघांनी तिला उचललं. तिच्या चपला दारातच राहिल्या, मी त्या घेऊन धावलो तर त्यातला एक म्हणाला, “आगा, लागणार नाहीत.” त्याला म्हणायचं होतं की दवाखान्यात देतात. तरीही.

२० जानेवारी

माझ्या घशातून कसलासा बोळा फिरवून नेला. मला थोडा ताप आहे, बाकी काही नाही. आयझादानं माझ्याकडून नंबर घेऊन झानिलला आजाराचं सगळं समजावून सांगितलं. झानिलचा फोन आला. म्हणाली, “आके, जेवलात का?”

परसातून हंस उकरून नेला. शेवटची कोंबडीही. खुराड्यात, उंबऱ्यावर, अंगणभर चुन्याची पांढरी भुकटी पसरली. उल्मेकेन दारी आलेल्या कशावरही पांढरं शिंपडते. साप आला तरी दूध ओतून वाटेला लावते.

२४ जानेवारी

उल्मेकेन गेली.

२६ जानेवारी

काल दफन झालं. मला सोडलं नाही, वेगळं राहण्याचे माझे दिवस पुरे व्हायचेत. आंघोळ घालता आली नाही. दफनाला सहाच माणसं होती म्हणे, मिंगबाय त्यात होता. त्यानं येऊन फाटकाबाहेर उभं राहून सांगितलं, कबर खोल आहे, जागा चांगली आहे, वारा लागत नाही. मग आम्ही दोघं, तो तिकडे मी इकडे, फाटकाच्या दोन बाजूंनी उभे राहिलो. अशा वेळी आमच्यात पुरुष पुरुषाला मिठी मारून मोठ्यानं रडतो. त्यानं हात पसरले आणि मग तसेच खाली घेतले. म्हणाला, “तिलेके, नंतर रडू आपण.”

झानिलनं फोनवरूनच आईसाठी विलाप गायला. सगळा ऐकला. त्यात एक ओळ होती की आईच्या दारी हंस आला आणि आई त्याच्याबरोबर गेली. हे तिला उल्मेकेननं फोनवर सांगितलं असणार, तो आला त्याच दिवशी.

९ फेब्रुवारी

मला मोकळं केलं. जायला कुठंच नव्हतं. तळ्यापर्यंत चालत गेलो, बंदीची पट्टी ओलांडली नाही. पाण्यावर काही नाही. दुर्बीण गळ्यात होती हे घरी आल्यावर लक्षात आलं.

चहा दोन वाट्यांत ओतला गेला.

१७ फेब्रुवारी

गटात संदेश. ‘टुंड्रा हंस, झिलिकोल, पहिली खात्रीशीर नोंद. निरीक्षक तिलेगेन.’ खाली माझा फोटो, म्हणजे चोचीचा. पन्नासेक लोकांनी अभिनंदन केलंय. कझानचाही त्यात आहे. आयझादानं मला वेगळं लिहिलं, “आगा, टाकू की नको, खूप विचार केला. तुमचा निरोप आला नाही म्हणून नियमाप्रमाणे टाकलं. तुम्ही म्हणाल तर काढते.”

डिसेंबरात हेच तर मागत होतो.

१ मार्च

मुलगी झाली. झानिल सुखरूप, बाळ सुखरूप. डॉक्टरांनी सगळं तपासलं, काही नाही. मी उल्मेकेनच्या उशीत तोंड खुपसून रडलो आणि मग तिला मोठ्यानं सांगितलं, तुझी नात आली. घरात दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळे लाज वाटली नाही.

५ मार्च

झानिलनं फोनवर बाळ दाखवलं. कपाळ उल्मेकेनचं. झोपेत एक डोळा अर्धा उघडा ठेवते, तोही तिच्यासारखाच.

“आके, पहिल्यांदा बघताय,” झानिल म्हणाली. “कोरिमदिक काढा.”

“काय हवं ते माग. मेंढी पाठवू? घोडीचं शिंगरू?”

“शिंगरू घेऊन तिसऱ्या मजल्यावर काय करू?” ती हसली. त्या दिवशीच्या फाटकानंतर पहिल्यांदाच हसली. “मला आपाचा फोटो हवा. हिच्या उशाशी लावणार, आजी ओळखीची व्हावी म्हणून. आपा म्हणाली होती ना, चांगला रुमाल बांधून बसले, हंस मांडीवर घेतला, बाळासाठी काढून घेतलाय. तिचा तर एकही नीट फोटो नाही, सगळ्यांत तोंडावर हात. तो एकच. तो पाठवा.”

“पाठवतो,” मी म्हणालो.

“आणि आके, तो खरंच आपणहून दारात आला होता? मी हिला मोठी झाल्यावर सांगणार आहे.”

“आपणहून,” मी म्हणालो.

दोन तास फोन उलटापालटा केला. पुसलेलं परत येतं का ते विचारायला मिंगबायच्या नातसुनेकडे गेलो, तिनंही बघितलं. नाही. आहे तो फक्त तोच, सगळ्या देशानं पाहिलेला. मोठी करून घेतलेली चोच. गोल पिवळा डाग, नाकपुडीच्या अलीकडे संपणारा, अगदी स्वच्छ. आणि खालच्या कोपऱ्यात, जिथून मी फोटो कापला तिथं, मानेवर टेकलेली उल्मेकेनची दोन बोटं. नखांत कणीक वाळलेली आहे.

झानिलचा पुन्हा संदेश आलाय. “आके, सापडला का?”